तीन खेपांची गोष्ट : लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या अवजारांचा इतिहास

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेला एका हितचिंतकाने सहा जुने संगणक दिले. विंडोजचा परवाना घेण्याइतके पैसे नव्हते आणि मुलांसमोर चोरीची प्रत वापरणे मला पटत नव्हते. त्या काळी उबुंटू लिनक्सची सीडी मागितली की टपालाने फुकट घरी येत असे. मी ती मागवली आणि सहाही संगणकांवर चढवली. देवनागरी आणि उर्दू, दोन्ही लिप्या एकाच पडद्यावर दिसू लागल्या तेव्हा या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अडचण पुढे आली. विज्ञानाच्या सहकाऱ्यांना एक चित्रफीत दाखवायची होती आणि त्यासाठी व्हीएलसी हा प्लेयर हवा होता. शाळेत इंटरनेट नव्हते. मी सायबर कॅफेत जाऊन व्हीएलसीची फाइल पेनड्राइव्हवर आणली. बसवायला गेलो तर संगणक म्हणाला, अमुक एक फाइल आधी हवी. पुन्हा कॅफे. ती आणली तर तिला आणखी दोन हव्या होत्या. तिसऱ्या खेपेला आणलेली फाइल वेगळ्याच आवृत्तीची निघाली. तोवर शाळा सुटली होती.

त्या संध्याकाळी पॉलिटेक्निकला शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याला सगळी हकिगत सांगितली. तो हसून म्हणाला, "सर, तुम्ही डीपीकेजी वापरलंत. ॲप्ट वापरायला हवं होतं."

"दोन्ही एकच काम करतात ना?"

"नाही सर. एक हमाल आहे, दुसरा मुनीम."

त्या एका वाक्याने मला या विषयाची गोडी लावली. लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायला डीपीकेजी, ॲप्ट, आरपीएम, यम, डीएनएफ, झिपर, पॅकमॅन अशी कितीतरी अवजारे आहेत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि काम करून घ्यायचे, हे सगळ्यांत समान. त्यांतले चांगले कोणते, यावर लोक तावातावाने वाद घालतात. मला मात्र वाटते की प्रत्येक अवजाराला तीन प्रश्न विचारावेत. ते काय लक्षात ठेवते? ते कोणावर विश्वास ठेवते? आणि ते आपल्याला काय विचारते? या तीन प्रश्नांची उत्तरे कशी बदलत गेली, हाच त्यांचा इतिहास आहे.

आधीचा काळ

फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने 1991 मध्ये लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. पण गाभा म्हणजे अख्खा संगणक नव्हे. संपादक, छपाई, खेळ, जोडणीची साधने हे सगळे वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले. ते गोळा करून, आपल्या यंत्रावर घडवून बसवायचे काम वापरणाऱ्याचे. एकदा बसवले की त्याच्या फाइली दहा ठिकाणी विखुरल्या जात. पुढे ते काढायचे म्हटले तर कोणती फाइल कोणाची, हे सांगणारे कोणी नसे.

मग काही जणांनी हा सगळा संच एकत्र बांधून द्यायला सुरुवात केली. 1993 च्या जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी स्लॅकवेअर आणले. त्यात पॅकेज होती, ती बसवता आणि काढताही येत. मात्र कोणत्या पॅकेजला दुसरे कोणते लागते, हे ध्यानात ठेवायचे काम माणसाचेच. स्लॅकवेअरने आपला हा बाणा आजही सोडलेला नाही.

हमालांची पिढी

त्याच वर्षी 16 ऑगस्टला इयन मरडॉक या विशीतल्या अमेरिकन विद्यार्थ्याने डेबियन प्रकल्प जाहीर केला. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांतून हे नाव तयार झाले. डेबियन एका कंपनीचे नव्हते. जगभरातले स्वयंसेवक एकेक पॅकेज सांभाळणार होते. इतक्या लोकांचे काम एकमेकांत नीट बसायचे तर नियम हवेत आणि ते नियम पाळून घेणारे अवजार हवे. त्यातून डीपीकेजी घडले. आज आपण ओळखतो त्या रूपाचा मुख्य भाग इयन जॅक्सन यांनी 1994 मध्ये सी भाषेत नव्याने लिहिला.

डेबियनच्या प्रत्येक पॅकेजमध्ये सामानाबरोबर एक चिठ्ठी असते. त्यावर नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचे नाव आणि 'याला काय काय लागते' याची यादी. डीपीकेजी ही चिठ्ठी वाचते, सामान जागच्या जागी ठेवते आणि वहीत नोंद करते. म्हणून ते पॅकेज पुढे नीट काढताही येते.

अमेरिकेतच रेड हॅट कंपनीने 1995 मध्ये आरपीएम आणले. मार्क ईविंग आणि एरिक ट्रोअन हे त्याचे कर्ते. काम तेच, पण स्वभाव वेगळा. डेबियनची चिठ्ठी बहुतेक वेळा दुसऱ्या पॅकेजचे नाव सांगते. आरपीएम नुसत्या एखाद्या फाइलची किंवा गुणाचीही मागणी करू शकते. 'अमुक आचारी हवा' आणि 'बिर्याणी येणारा कोणीही चालेल' यातला हा फरक.

दोन्ही अवजारांत उणीव एकच होती. काय कमी आहे ते सांगणार, पण आणून देणार नाहीत. हमाल दारापर्यंत आलेले पोते उचलून ठेवतो, बाजारात जाऊन दुसरे आणत नाही. माझ्या तीन खेपा या उणिवेमुळेच झाल्या. जगभर लोक तेव्हा याला 'अवलंबित्वाचा नरक' म्हणत.

मुनीम आला

डेबियन 1.1 मध्ये, म्हणजे 1996 साली, 474 पॅकेज होती. 1999 च्या मार्चमध्ये डेबियन 2.1 आले तेव्हा ती सुमारे 2250 झाली होती. इतके हातांनी सांभाळणे अशक्यच. याच आवृत्तीत ॲप्ट पहिल्यांदा लोकांच्या हाती आले. ॲप्टकडे भांडाराची पूर्ण यादी असते. एक नाव सांगितले की ते हिशेब मांडते : याला हे लागेल, त्याला ते लागेल, एवढे उतरवावे लागेल, एवढी जागा लागेल. मग सगळे आणून डीपीकेजीच्या स्वाधीन करते. हमाल तोच राहिला. त्याच्यावर मुनीम बसला, इतकेच.

आरपीएमच्या घराला असा मुनीम उशिरा मिळाला. यलो डॉग नावाच्या लिनक्ससाठी यप हे अवजार होते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले संगणक सांभाळताना सेथ विडाल आणि मायकल स्टेनर यांनी ते सुधारून यम तयार केले. एका विद्यापीठाच्या गरजेतून निघालेले हे साधन 2007 पर्यंत रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्समध्ये जाऊन बसले.

ॲप्ट आणि यम यांतले फरक रोजच्या वापरात जाणवतात. ॲप्टला आधी 'यादी ताजी कर' आणि मग 'बसव' असे दोनदा सांगावे लागते. यम यादी जुनी झाली की स्वतःच ताजी करून घेते. म्हणून ते हळू वाटे. पुढे यममध्ये एक फार उपयोगी गोष्ट आली : केलेल्या प्रत्येक व्यवहाराला क्रमांक, आणि तो व्यवहार उलटवायची सोय. ॲप्ट नोंदवही ठेवत असे, पण मागे फिरायची अशी आज्ञा त्यात कितीतरी वर्षे नव्हती.

हिशेब वाटतो तितका सोपा नाही

'याला ते लागते' हे ऐकायला सोपे आहे. पण 'याला हे किंवा ते लागते, आणि तिसरे असेल तर चालत नाही' अशा हजारो अटी एकत्र आल्या की गणित अवघड होते. हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे युरोपातल्या संशोधकांनी 2005-06 च्या सुमारास दाखवून दिले. जर्मनीच्या सुसे लिनक्सने त्यावर तर्कशास्त्राची पद्धत वापरली. 2008 च्या ओपनसुसे 11.0 पासून झिपर हे अवजार ती वापरते आणि त्याचा वेग लगेच लोकांच्या लक्षात आला. त्याच घराण्यातले गणित घेऊन फेडोराने यमच्या जागी डीएनएफ आणले. 2015 मधल्या फेडोरा 22 पासून तेच मुख्य अवजार झाले.

आर्च लिनक्सने 2002 मध्ये वेगळी वाट धरली. त्याचे पॅकमॅन आटोपशीर आणि वेगवान. तिथे आवृत्त्यांचे टप्पेच नाहीत, सतत नवे येत राहते. मात्र अर्धेच नवे करून अर्धे जुने ठेवलेले त्याला चालत नाही. करायचे तर सगळे करा, आणि करण्याआधी आर्चच्या सूचना वाचा, असा त्याचा आग्रह. अभ्यासू विद्यार्थ्याला हे आवडेल. शाळेच्या सहा जुन्या यंत्रांसाठी मी ते घेणार नाही.

विश्वास कोणावर?

इंटरनेटवरून आलेले पॅकेज खरोखर त्याच माणसाने पाठवले, हे कसे कळावे? आरपीएमच्या जगात प्रत्येक पॅकेजवर सही असते. डेबियनने 2007 च्या आवृत्ती 4.0 पासून साखळी वापरली. सही एका मुख्य यादीवर. त्या यादीत दुसऱ्या याद्यांचे ठसे. त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा. मधली एक कडी जरी जुळली नाही, तरी ॲप्ट बोंब मारते. पेनड्राइव्हवर कुठूनही फाइल आणून थेट डीपीकेजीला देणारा माणूस ही साखळीच ओलांडतो. त्या तीन खेपांत मी नेमके हेच केले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आणि अवजार विचारते तेव्हा?

आपण एखादी मांडणी आपल्या सोयीने बदलली असेल आणि नव्या आवृत्तीत तीच फाइल बदलली असेल, तर डीपीकेजी काम थांबवून विचारते : तुमची ठेवू की नवी घेऊ? आरपीएम विचारत नाही. ते एक प्रत बाजूला ठेवून पुढे जाते. पॅकमॅनही तसेच. शेकडो यंत्रे सांभाळणाऱ्याला न विचारणे सोयीचे. एकाच यंत्रासमोर बसलेल्याला विचारणे बरे. यात बरोबर-चूक नाही, माणसे वेगळी आहेत.

पण विचारलेले आपण वाचतो का? माझी चूक सांगतो. सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी, जागा कमी पडते म्हणून मी एका यंत्रावरचे नको ते काढत होतो. पायथन असे एक नाव दिसले. सापाच्या नावाच्या या वस्तूची शाळेला काय गरज, म्हणून ते काढायची आज्ञा दिली. ॲप्टने काढल्या जाणाऱ्या पॅकेजची लांबलचक यादी दाखवली आणि विचारले, पुढे जाऊ? मी यादी न वाचता 'वाय' दाबले. यंत्र पुन्हा सुरू केले तर चित्र नाही, खिडक्या नाहीत, नुसता काळा पडदा. उर्दूची प्रश्नपत्रिका त्याच यंत्रात होती.

रात्री तोच विद्यार्थी मोबाइल घेऊन आला. त्याने काळ्या पडद्यावरूनच एका आज्ञेत सगळे परत बसवले. प्रश्नपत्रिका जागेवर होती. निघताना म्हणाला, "सर, त्यानं तुम्हाला सांगितलं होतं हो."

पुढे 2021 च्या नोव्हेंबरमध्ये लिनस सेबास्टियन या प्रसिद्ध कॅनेडियन यूट्यूबरच्या हातून असेच झाले. एका खेळासाठीचे ॲप बसवताना पॉप ओएसवरचा त्याचा अख्खा डेस्कटॉप उडाला. ॲप्टने त्याला स्पष्ट इशारा देऊन, एक पूर्ण वाक्य टाइप करायला लावले होते. त्याने ते केले. मुळात चूक पॅकेज पुरवणाऱ्यांकडची होती, कारण साधे ॲप बसवताना असा प्रसंगच यायला नको होता. त्यानंतर ॲप्टच्या कर्त्यांनी अत्यावश्यक पॅकेज काढण्याचा तो मार्ग बंद केला. आता त्यासाठी वेगळा पर्याय मुद्दाम लिहावा लागतो.

या प्रसंगाकडे बघून मला वाटते, तीस वर्षांत लक्षात ठेवायचे बहुतेक ओझे अवजारांनी आपल्याकडून घेतले. डेबियन 12 मध्ये 64 हजारांहून अधिक पॅकेज आहेत आणि त्यांतले एक बसवायला मला एक ओळ पुरते. होकार द्यायचे काम मात्र माझ्याकडेच राहिले, आणि तो वाचूनच द्यायला हवा.

आमच्या शाळेसाठी पुढे आम्ही डेबियनच्या डीव्हीडी मिळवल्या. ॲप्टला भांडार म्हणून डीव्हीडीही चालते, इंटरनेटच हवे असे नाही. कॅफेच्या खेपा संपल्या. संगणकाच्या तासाला मुलांना मी आजही सगळ्यात आधी एक आज्ञा देऊन दाखवतो, यादी पडद्यावर आली की हात मागे घेतो आणि एकाला उभे करून ती मोठ्याने वाचायला लावतो. वाचून झाल्यावर वर्गाला विचारतो, "काय, दाबू?" एखादा तरी म्हणतोच, "थांबा सर, ते तिसरं नाव काय होतं?"