नाकाचे माप आणि माणसाची पायरी



आपल्या खामगाव तालुक्यातील शेतकऱ्याला कापसाच्या काट्याविषयी काही शिकवावे लागत नाही. काट्याबरोबर तो काटा धरणारा हातही पाहावा लागतो, हे त्याला ठाऊक असते. माणसांचे वंश ठरवू पाहणाऱ्या शास्त्राचा इतिहासही तसाच पाहिला पाहिजे.

हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज सनदी अधिकारी. नाकाच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचे, हे त्याचे आवडते माप. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा नियम त्याने सांगितला. १९०१ च्या शिरगणतीचा तो प्रमुख झाला. हिंदुस्थानातील लोकांचे त्याने सात प्रकार पाडले. त्यांत मराठे व कुणबी 'शक-द्रविड' ठरले. जातींची मांडणीही सामाजिक मानाप्रमाणे करविली. गावात जी उतरंड होतीच, तिच्यावर शास्त्राचा शिक्का बसला.

पुढे १९२८ च्या सुमारास इरावती कर्वे बर्लिनला शिकावयास गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर. कवटीच्या दोन बाजू असमान असणे हे गोऱ्या लोकांच्या वरचढ बुद्धीचे लक्षण असावे, असा गुरूंचा कयास. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सर्वच वंशांत सापडली. कयासाला आधार मिळाला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. परक्या देशात, ज्यांच्या हाती पदवी त्यांच्याचविरुद्ध! हेच फिशर १९३३ साली नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. कर्वेबाईंनी मात्र मापे टाकून दिली नाहीत. १९५१ साली वि. म. दांडेकरांसह त्यांनी महाराष्ट्रातील लोकांची शरीरमापे प्रसिद्ध केली.

दुसरा जबाब डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील १९४८ च्या ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी दिलेले नाकाचेच आकडे घेतले. ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश त्या आकड्यांनीच एक ठरतो, असे त्यांनी दाखविले. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, हा त्यांचा निष्कर्ष. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट व रक्तातील प्रथिने तपासून दाखविले की, माणसामाणसांतील सुमारे ८५ टक्के आनुवंशिक फरक एकाच समाजाच्या आत असतो.

मग हा विषय संपला का? एका जिनिंग कारखान्यात मी कामगारांचे गाऱ्हाणे घेऊन गेलो होतो. काही जणांना वर्षानुवर्षे फक्त गाठी उचलायला लावीत. यंत्र देत नसत. व्यवस्थापक म्हणाले, "त्या लोकांचे हातच यंत्राला वळत नाहीत. रक्ताचा गुण!" मी विचारले, "साहेब, एक दिवस तरी यंत्रावर उभे करून पाहिलेत काय?" ते गप्प राहिले. संघटनेने आग्रह धरला, तेव्हा दोघांना यंत्र मिळाले. महिन्याभरात ते इतरांच्या बरोबरीने काम करू लागले.

रिस्लेचे माप कपाटात गेले, पण ही समजूत अजून कामावर आहे. आपल्या गावात कोणी असे बोलले, तर त्याला एवढेच विचारा: मोजून पाहिलेत काय?