उंदरांचे देणे-घेणे

पनवेलकरांस उंदराची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. भाताच्या या मुलखात जेथे कणगी तेथे उंदीर, हे ठरलेलेच. 1896 साली मुंबईत प्लेग उतरला, तेव्हापासून कित्येक वर्षे घरात उंदीर मरून पडला की माणसांच्या पोटात गोळा उठे. गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदरास आम्ही हात जोडतो आणि तोच फडताळात दिसला की पिंजरा लावतो. तेव्हा वसंत ऋतूतील या व्याख्यानमालेत उंदरावर बोलण्यासारखे ते काय असणार, असे कोणास वाटल्यास नवल नाही.

परंतु ज्या उंदराविषयी आम्ही बोलणार आहोत तो कणगीतला नव्हे. तो प्रयोगशाळेतला लहानखुरा उंदीर, पांढरा, काळा किंवा तपकिरी. त्याची वंशावळ लिहून ठेवलेली असते, आणि ती पुष्कळ घराण्यांच्या बखरींपेक्षा चोख असते. असे उंदीर आपल्या पनवेल तालुक्यातच, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले जातात. एका शास्त्रज्ञाने कष्टाने तयार केलेला असा वंश दुसऱ्याने मागितला तर त्याने तो द्यावा काय, आणि दिल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. त्याचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे, आणि त्यात माणसाचे औदार्य व लोभ दोन्ही उमटलेले आहेत.

आरंभी हा वंश म्हणजे काय ते समजून घेऊ. दोन औषधांची तुलना करावयाची तर ज्यांच्यावर ती द्यावयाची ते प्राणी सारखे हवेत. नाहीतर गुण औषधाचा की प्राण्याच्या प्रकृतीचा, हे कळणार कसे? म्हणून भावाबहिणींचा संकर सलग वीस पिढ्या करीत गेले म्हणजे त्या वंशातील सर्व उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे एकरूप होतात. या कामास पाच-सहा वर्षे सहज लागतात. अमेरिकेत क्लॅरन्स कुक लिटल या तरुणाने 1909 साली हा उद्योग प्रथम आरंभिला. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स प्रांतातील ग्रॅनबी गावी ॲबी लॅथ्रॉप नावाची एक बाई हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळीत असे. तिची टिपणे इतकी काटेकोर होती की शास्त्रज्ञही तिच्याकडूनच उंदीर नेऊ लागले. तिच्याकडील 57 क्रमांकाच्या मादीपासून लिटल यांनी 1921 साली जो काळा वंश काढला, तो आज जगातील सर्वाधिक वापरला जाणारा वंश होय. शास्त्राच्या या मोठ्या घराण्याची मूळ आई एका शेतावरील खुराड्यातली आहे, हे विसरून चालणार नाही.

लिटल यांनी 1929 साली मेन प्रांतातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. तेथून उंदीर मागेल त्याला जात. त्या काळी करारमदार फारसे नव्हते. पत्र लिहावे, खोक्यातून उंदीर यावेत, आणि पुढे आपणही कोणास द्यावेत, अशी रीत होती. आपल्याकडे शेजारणीकडून विरजण मागून आणतात, त्यातलाच हा प्रकार. विरजण देणारीचे काही उणे होत नाही, आणि एखादे दिवशी तिचेच दही नासले तर ज्या घरी तिने विरजण दिले असेल तेथूनच तिला ते परत मिळते.

हा केवळ दृष्टांत नव्हे. तो अक्षरशः खरा ठरला. ऑक्टोबर 1947 मध्ये त्या बेटावर वणवा पेटला. जॅक्सन प्रयोगशाळा जळाली आणि तेथील बहुतेक सारे उंदीर मेले. वर्षानुवर्षांचे काम एका दिवसात राख झाले. परंतु त्या प्रयोगशाळेने आजवर जे ठिकठिकाणी वाटले होते, तेच आता परत येऊ लागले. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडील जोड्या पाठविल्या आणि बुडालेले वंश पुन्हा उभे राहिले. जे कडीकुलपात ठेवले होते ते जळाले. जे वाटले होते तेवढे वाचले. आमच्या मते या विषयावरील साऱ्या नियमांचे मूळ या एका घटनेत आहे.

तथापि नुसते औदार्य पुरे पडत नाही, हेही लौकरच ध्यानात आले. विरजण दहा घरी गेले की दहा चवीचे दही होते; उंदरांचेही तसेच. एकच नाव लावणारे उंदीर दोन ठिकाणी दीर्घकाळ वेगळे वाढले की त्यांच्यात नकळत भेद पडतो. लिटल यांच्या त्या काळ्या वंशाची एक शाखा 1951 साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत गेली. पुढे अर्धशतकानंतर असे आढळले की जॅक्सन येथील शाखेत एका जनुकाचा भाग गळालेला आहे आणि त्यामुळे शरीरातील साखरेचा व्यवहार बदलतो. नाव एक, घराणे एक, पण प्रकृती दोन! म्हणून देणाऱ्याने वंशाचे नाव, शाखा आणि पिढी यांची नोंद बरोबर द्यावी, असा नियम झाला. वंशांची नावे कशी लिहावीत याचे पहिले सर्वमान्य नियम 1952 साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, 1949 पासून, उंदरांवर काम करणाऱ्यांचे एक वार्तापत्र निघू लागले होते. त्यात कोणाकडे कोणता वंश आहे हे छापले जाई. मात्र त्यातील माहिती मूळ संशोधकाच्या संमतीवाचून अन्यत्र छापू नये, असा दंडक होता. म्हणजे द्यावे, परंतु देणाऱ्याचे श्रेय बुडवू नये, ही मर्यादा आरंभापासूनच होती.

आता आपल्या मुंबईकडे वळू. 1952 साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्याचे धुरीण डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या समर्थांची कन्या, डॉ. कमल रणदिवे, काम करीत होत्या. अमेरिकेत जॅक्सन येथेच जॉन बिटनर यांनी 1936 साली दाखविले होते की उंदरांतील स्तनांचा कर्करोग आईच्या दुधावाटे पिलांत उतरू शकतो. याच वाटेने पुढे जाण्यासाठी कमलताईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी परळ येथे उंदरांचा एक स्वतंत्र वंश जोपासला. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी उंदीर म्हणून शास्त्रीय वाङ्मयात ओळखला जातो. त्याच्या माद्यांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असते. आपल्या देशात, आपल्या माणसांनी निर्माण केलेली ही जिवंत संपत्ती होय. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रयोगप्राण्यांविषयीची माहितीसेवा 1950 च्या दशकात मुंबईच्या याच केंद्रात सुरू केली होती. पुढे ती हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेत गेली आणि तेथून देशभर वंशशुद्ध प्राणी पुरविले जाऊ लागले. परळचे केंद्र 1966 साली टाटा स्मारक रुग्णालयाशी जोडले गेले, आणि 2002 साली त्याचे संशोधनकार्य खारघरला आले.

इकडे परदेशात मात्र वारे फिरले होते. हार्वर्ड विद्यापीठात फिलिप लेडर व टिमोथी स्ट्युअर्ट यांनी कर्करोगाचे जनुक घालून एक उंदीर घडविला आणि 12 एप्रिल 1988 रोजी त्यावर पेटंट मिळाले. पशूवर मिळालेले ते जगातील पहिले पेटंट. त्याचे हक्क ड्यूपाँ कंपनीकडे गेले. आता उंदीर मागणाऱ्यापुढे कागद आले: दुसऱ्यास देऊ नये, आणि या उंदरापासून पुढे जो काही शोध लागेल त्यातही कंपनीचा वाटा असावा! विरजण देणारीने पुढच्या साऱ्या ताकातुपावर हक्क सांगावा, तसे हे झाले. शास्त्रज्ञांत असंतोष माजला. अमेरिकेच्या आरोग्य संस्थांचे प्रमुख हॅरॉल्ड व्हार्मस यांनी या अटींना विरोध केला. अखेर 1999 च्या करारान्वये सरकारी आणि सरकारी अनुदानावरील ना-नफा संशोधनास हे उंदीर आपसांत देण्याघेण्याची मोकळीक मिळाली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 2002 साली, पाच विरुद्ध चार मतांनी, उंदरावर पेटंट देण्याचेच नाकारले. आपल्या पेटंट कायद्यातही प्राण्यावर पेटंट मिळत नाही.

या भांडणातून जी व्यवस्था निघाली ती समजण्यास सोपी आहे. 1995 साली अमेरिकन संस्थांसाठी देण्याघेण्याच्या कराराचा एक नमुना ठरला. त्याचे सार असे: मूळ प्राणी व त्याची संतती देणाऱ्याची, घेणाऱ्याने त्यात नवे काही घडविले तर ते घेणाऱ्याचे, उपयोग केवळ अध्यापन व ना-नफा संशोधनासाठी, तिसऱ्या कोणी मागितल्यास त्याला मूळ मालकाकडे पाठवावे, आणि घ्यायचे तर पाठवणीच्या खर्चापुरतेच पैसे घ्यावेत. शिवाय शोधनिबंध छापून आला की तो वंश सार्वजनिक भांडारात ठेवावा, ही रीत रूढ होत गेली. 1972 साली उंदरांचे गर्भ शून्याखाली 196 अंशांवर गोठवून पुन्हा जिवंत पिले मिळविण्याची कला साधली, त्यामुळे असे भांडार एखाद्या टाकीतही मावते. वणव्याचा धडा वाया गेला नाही.

आमच्या देशातील नियमांत आणखी एक धागा आहे, तो दयेचा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती असते, आणि 1998 साली प्राण्यांच्या पैदाशीचे व प्रयोगांचे नियम झाले. त्यांनुसार संस्थेची नोंदणी हवी, प्राणी नोंदणी झालेल्या ठिकाणाहूनच आणावेत, आल्यागेल्याची वही ठेवावी, आणि प्रत्येक प्रयोगास संस्थेच्या नीतिसमितीची संमती घ्यावी. या समितीत एक सभासद विज्ञानाबाहेरचा, समाजाची जाण असलेला असावा लागतो. ही जागा तुमच्याआमच्यासारख्या नागरिकाची आहे.

कित्येकांस वाटते की हे सारे कागद संशोधनाच्या पायातील बेड्या आहेत. परवानगीच्या खेपा घालता घालता दिवस जातात, ही तक्रार अगदीच खोटी नाही. ज्याने सहा वर्षे खपून वंश घडविला त्याने आपला पहिला निबंध छापेपर्यंत थांबा म्हटले, तर तेही अन्याय्य नव्हे. परंतु त्यापुढे अडवून धरणे आम्हांस मान्य नाही. तो वंश लोकांच्या पैशाने घडलेला असतो. शिवाय एकाने न दिल्यामुळे दुसरा तोच वंश नव्याने घडवू लागला, तर त्यात वर्षे जातात, पैसा जातो आणि शेकडो मुके जीव विनाकारण खर्ची पडतात. जो जीव आपण आपल्यासाठी घेतो, त्याच्यापासून मिळालेले ज्ञान दडवून ठेवणे ही आमच्या मते दुहेरी हिंसा होय.

खारघरच्या वाटेने कधी जाल तर त्या इमारतींकडे क्षणभर पाहा. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले रोगी तेथे बाकांवर बसलेले असतात. त्यांच्याजवळ दवडायला वेळ नसतो. कोणत्या शास्त्रज्ञाने कोणास उंदीर दिला वा नाकारला, हे त्यांना ठाऊक नसते. पण त्या देण्या-नाकारण्याचा हिशोब शेवटी त्यांच्याच आयुष्यातून चुकता होतो.