सिकलसेल आणि पेशीतले पाणी

१९०४ साली शिकागोच्या प्रेस्बिटेरियन इस्पितळात ग्रेनाडा बेटाचा वॉल्टर क्लेमेंट नोएल हा दंतवैद्यकाचा विद्यार्थी दाखल झाला. त्याच्या रक्तातील विळ्यासारख्या वाकड्या पेशी प्रथम पाहिल्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने. १९१० साली निबंध निघाला तो मात्र वरिष्ठ जेम्स हेरिक यांच्या नावे. चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही.

दोष हिमोग्लोबिनाच्या रेणूत आहे, हे पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. प्राणवायू सोडताच हे हिमोग्लोबिन दोरीसारखे वळते आणि पेशी ताठरते. पेशीतले पाणी घटले, की हे अधिकच लवकर घडते. मग पाणी जाते कोठून? हंगेरीच्या गार्डोस यांनी १९५८ साली दाखविले, की तांबड्या पेशीत कॅल्शियम शिरले म्हणजे पोटॅशियम बाहेर गळते. त्यामागोमाग पाणीही जाते. त्याच साली नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील या दोषाविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. दोन्ही धागे एकत्र यावयास पुष्कळ वर्षे लागली.

ही वाट बुजवावी कशी? रक्तदाबावरील नायट्रेंडिपिन या कॅल्शियमरोधकाने ती प्रयोगशाळेत अडते, असे दिसून आले. मग नायट्यावर लावतात ते क्लोट्रिमॅझोल! १९९६ साली बॉस्टनच्या संशोधकांनी ते पाच रुग्णांना पोटात दिल्याचे प्रसिद्ध केले. पेशींतले पाणी टिकले. त्यावरून सेनिकापोक हे खास औषध घडविले गेले. मोठ्या चाचणीत हिमोग्लोबिन वाढले, पेशी कमी फुटू लागल्या. वेदनेचे झटके मात्र कमी झाले नाहीत. चाचणी २००७ साली थांबविली. पेशी अधिक टिकल्याने रक्त दाट झाले असावे, असे एक स्पष्टीकरण देतात. उत्पादनाचे आकडे चढावेत आणि मजुरी तेथेच राहावी, तसे हे झाले. झटके कमी केले ते हायड्रॉक्सियुरियाने, १९९५ सालच्या चाचणीत. त्याचा मार्ग अगदी निराळा.

विदर्भातील मजुराच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटण्याची वाट पाहत नाही. उन्हात घाम गळाला, प्यावयास पाणी नसले, की झटका येऊ शकतो. अंगावर जखम दिसत नाही, म्हणून मुकादम त्यास कामचुकार म्हणतो आणि रोज बुडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा रोग आपल्या यादीत घेतला. सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागांत मात्र तो धरलेला नाही.