‘खुखरी’ बुडाल्यानंतर ‘हंगोर’च्या मागावर : नौदलाच्या ‘सी किंग’ स्क्वाड्रनची १९७१ मधली कामगिरी

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात भारताची ‘आयएनएस खुखरी’ ही युद्धनौका टॉर्पेडो डागून बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आलं. त्यानंतर ‘हंगोर’चा शोध सुरू झाला. त्यात मुंबईहून उडणारी ‘सी किंग’ हेलिकॉप्टर्सही होती.

आठ महिन्यांची स्क्वाड्रन

ही हेलिकॉप्टर्स नौदलाच्या ३३० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, म्हणजेच ‘हार्पून्स’ची. स्क्वाड्रनची स्थापना १७ एप्रिल १९७१ ला झाली होती. युद्ध पेटलं तेव्हा तिला जेमतेम आठ महिने झाले होते. विमानवाहू ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात असल्याने पश्चिम किनाऱ्यावर या नव्या हेलिकॉप्टर्सचं महत्त्व वाढलं होतं.

हेलिकॉप्टर पाणबुडी कशी शोधतं?

‘सी किंग’ समुद्रावर कमी उंचीवर एका जागी स्थिर राहतं आणि केबलला बांधलेलं सोनार पाण्यात सोडतं. सोनारच्या ध्वनिलहरी पाणबुडीवर आदळून परत येतात आणि तिचा ठावठिकाणा कळतो. काही सापडलं नाही तर सोनार वर ओढून हेलिकॉप्टर पुढच्या जागी जातं. सापडली तर टॉर्पेडो किंवा डेप्थ चार्ज टाकता येतो. पाणबुडीच्या टॉर्पेडोला मात्र हवेतलं हेलिकॉप्टर टिपता येत नाही. ‘खुखरी’ला ती सोय नव्हती. शोध घ्यायचा तर पाणबुडीच्या माऱ्याच्या टप्प्यात जाणं भाग होतं.

तरीही ‘हंगोर’ निसटली

काही दिवस शोध चालला, पण ‘हंगोर’ कराचीला परतली. पाणबुडी कोणत्याही दिशेने जाऊ शकते, त्यामुळे प्रत्येक तासागणिक शोधाचा परिसर वाढत जातो. किनाऱ्यावरून येणाऱ्या हेलिकॉप्टरला इंधनासाठी परतावं लागतं. ते जहाजावरच असेल, तर हा वेळ वाचतो. ‘खुखरी’वर हेलिकॉप्टर उतरवण्याची जागाच नव्हती.

पुढे काय बदललं?

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस गोदावरी’ १० डिसेंबर १९८३ ला नौदलात दाखल झाली. तिच्यावर दोन ‘सी किंग’ ठेवण्याची सोय होती. मार्च २०२४ मध्ये कोचीत ‘एमएच-६० आर’ हेलिकॉप्टर्सची स्क्वाड्रन सुरू झाली. हेलिकॉप्टर नवं असलं, तरी पाण्यात सोनार सोडून पाणबुडी शोधण्याची पद्धत तीच आहे.