ऑरिजेनचे लेखन आणि त्याचे इंग्रजी अनुवाद

ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) : ग्रीकमध्ये लिहिणारा आद्य ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ व बायबलचा भाष्यकार. जन्म ईजिप्तमधील ॲलेक्झांड्रियाचा; पुढे वास्तव्य पॅलेस्टाइनमधील सीझरियात. डीशिअस बादशहाच्या काळातील छळात त्याला तुरुंगात यातना सोसाव्या लागल्या व काही वर्षांतच तो वारला.

लेखन : ॲम्ब्रोज या सधन मित्राने त्याला सातांहून अधिक लघुलेखक, तेवढेच नक्कलकार आणि सुवाच्य अक्षराच्या मुली पुरवल्या होत्या, असे चर्चचा इतिहासकार युसीबिअस नोंदवतो. हे विपुल लेखन बहुतांशी लुप्त झाले. जुन्या कराराच्या पाठांची सहा स्तंभांत तुलना करणाऱ्या ‘हेक्साप्ला’चे अवशेषच उरले आहेत. योहानाच्या शुभवर्तमानावरील भाष्याच्या ३२ खंडांपैकी ९ मिळतात. सहाव्या शतकात त्याच्या नावावर असलेली काही मते निषिद्ध ठरली. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेचा त्यातील नेमका वाटा वादग्रस्त आहे.

‘काँट्रा सेल्सम’चे आठही खंड ग्रीकमध्ये टिकले. ख्रिस्ती धर्मावर टीका करणाऱ्या सेल्ससचा मूळ ग्रंथ हरवला असून त्याचे म्हणणे मुख्यतः ऑरिजेनने खंडनासाठी दिलेल्या उताऱ्यांतूनच कळते. प्रतिपक्षाचे शब्द इतक्या विस्ताराने नोंदवणारा हा ग्रंथ म्हणूनच अनमोल आहे.

‘पेरी आर्खोन’ (मूलतत्त्वांविषयी) या ग्रंथाची कथा निराळी. त्याच्या मूळ ग्रीक पाठाचे मोठे उतारे ‘फिलोकालिया’ या संकलनात आहेत. संपूर्ण ग्रंथ मात्र रुफायनसच्या ३९८ मधील लॅटिन अनुवादातच मिळतो. आक्षेपार्ह वाटलेले भाग आपण गाळले वा सौम्य केले, असे रुफायनसने प्रस्तावनेत सांगितले आहे. जेरोमने केलेल्या काटेकोर अनुवादाचे तुकडेच शिल्लक आहेत.

इंग्रजी अनुवाद : फ्रेडरिक क्रॉम्बी याने ‘पेरी आर्खोन’ व ‘काँट्रा सेल्सम’ यांचे अनुवाद एडिंबरोच्या ग्रंथमालेसाठी (१८६९, १८७२) केले. ग्रीक व लॅटिन दोन्ही पाठ उपलब्ध असतील तेथे त्याने दोहोंचे अनुवाद दिले, ही त्याची मोठी कामगिरी. जी. डब्ल्यू. बटरवर्थ याचा ‘पेरी आर्खोन’चा अनुवाद (१९३६) पाउल केट्शाऊच्या १९१३ च्या आवृत्तीवर आधारलेला आहे. रुफायनसने काही दडवले असणार, या समजुतीने केट्शाऊने ऑरिजेनच्या विरोधकांकडील उतारे थेट ग्रंथात गोवले होते. त्यामुळे इंग्रजी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी विरोधकांनी मांडलेली मते ऑरिजेनची म्हणून वाचली. जॉन बेर याच्या आवृत्तीने (२०१७) हे उतारे मूळ मजकुरातून वेगळे काढले. ही दुरुस्ती अत्यावश्यक होती. ‘काँट्रा सेल्सम’साठी हेन्री चॅडविकचा सटीप अनुवाद (१९५३) प्रमाण मानला जातो.

योहानाच्या शुभवर्तमानावरील भाष्याचा इंग्रजी अनुवाद रोनाल्ड हाइनी याने (१९८९, १९९३) केला.

नवे शोध : १९४१ मध्ये ईजिप्तमधील तुरा येथे सापडलेल्या पपायरसांत ‘हेराक्लाइडीसशी संवाद’ मिळाला. २०१२ मध्ये म्यूनिकच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखितात मारिना मोलिन प्राडेल हिला स्तोत्रांवरील २९ ग्रीक प्रवचने आढळली. लोरेन्झो पेरोने याने ती २०१५ मध्ये संपादित केली. जोसेफ ट्रिगचा इंग्रजी अनुवाद २०२० चा. यांतील ३६ व्या स्तोत्रावरील चार प्रवचने रुफायनसच्या लॅटिन अनुवादातून आधीच ज्ञात होती. त्यामुळे रुफायनसचा अनुवाद मूळ ग्रीकशी शब्दशः ताडून पाहणे शक्य झाले आहे.