टायट्रेशनचं गणित : कॅल्क्युलेटरचे किती अंक लिहायचे?

प्रॅक्टिकलमध्ये सूत्र बरोबर असतं, तरी अनेकदा उत्तर शेवटच्या अंकांमुळे बिघडतं. ते कसं टाळायचं, हे आज एका उदाहरणातून पाहू.

समजा, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ऑक्झॅलिक आम्लाचे ३.१५ ग्रॅम स्फटिक घेतले आणि २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत द्रावण केलं. या स्फटिकांत आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात. म्हणून मोलर वस्तुमान १२६.०७ घ्यायचं, ९०.०३ नाही.

३.१५ ÷ १२६.०७ ÷ ०.२५०

कॅल्क्युलेटर दाखवतो ०.०९९९४४४७. पण वजनात अंक तीनच आहेत, म्हणून उत्तरातही तीनच ठेवायचे: ०.०९९९ मोलर. यांनाच सार्थ अंक म्हणतात. सुरुवातीची शून्यं त्यात मोजत नाहीत.

आता ब्युरेट. तिच्यावर ०.१ मिलीच्या खुणा असतात. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर अंदाजाने १२.४५ लिहा. नेमकी खुणेवर असेल तर १२.४ नको, १२.४० लिहा. ते शून्यही मोजमापाचाच भाग आहे. डोळा पातळीच्या रेषेत ठेवा. परमँगनेट गडद असल्याने त्याची वरची कड वाचा. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा तीच.

मी आकडेमोड संपेपर्यंत सगळे अंक ठेवतो आणि फक्त अंतिम उत्तर गोल करतो. मधेच गोल केलं की फरक साचत जातो.