तपासलेला कोड आणि एरियान ५

* जुना, तपासलेला कोड नव्या प्रकल्पात निर्धास्तपणे वापरावा, हे लेखकाचे विधान जपून घ्यावे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियान ४ वरून जवळजवळ जसेच्या तसे आणलेले होते आणि तिथे ते बिनचूक चालत असे. नव्या रॉकेटचा आडवा वेग मात्र कितीतरी जास्त होता. त्याच्याशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, आणि मुख्य व राखीव असे दोन्ही संगणक एकाच चुकीने बंद पडले. अधिक क्लेशदायक हे की, कोडचा तो भाग उड्डाणानंतर एरियान ५ला लागतच नव्हता. नवा कोड लिहिला असता तर नव्या चुका शिरल्या असत्या, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पुनर्वापर सोडा असे येथे सुचवायचे नाही. पण कोडचा भरवसा त्याच्या गृहीतकांपुरताच असतो, आणि एरियान ५चा उड्डाणमार्ग या यंत्रणेच्या अपेक्षांमध्ये नोंदवलेलाच नव्हता. सामायिक लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी आवृत्तीच्या क्रमांकाबरोबर प्रत्येक घटकाच्या मर्यादाही लिहाव्यात, आणि ती घेणाऱ्यांनी त्या आपल्या आकड्यांनिशी पुन्हा तपासाव्यात. — संपादक